केळकरांचा फ्रान्स, फुजैराचा वारा

फुजैरा बघायला जरूर जा. गाडीने जा, एसी लावून जा, वाटेत जिथे सावली दिसेल तिथे उतरा. सायकलवर जाऊ नका, ईदच्या चंद्रावर भरवसा ठेवून जाऊ नका, आणि केळकरांबरोबर तर मुळीच जाऊ नका. एवढं सांगून हा लेख संपवायला माझी काही हरकत नव्हती. पण मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादकही केळकरच. ‘वहिनी, छान निसर्गरम्य होऊ द्या’ म्हणून दोन महिने माझ्या मागे लागलेत. निसर्ग होता, तो सांगते. रम्य त्यांचं त्यांनी शोधावं.

केळकर अबुधाबीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. बँकेत मोठे आहेत. तेजीच्या दिवसांत, जेव्हा इथे ज्याला त्याला बोनस मिळत होता, तेव्हा ते फ्रान्सला जाऊन आठवडाभर सायकल चालवून आले. गेले तेव्हा बरे होते. आले ते पाय गुळगुळीत करून. हे मला त्यांच्या बायकोने, वृंदाने, स्वतः सांगितलं. मी काही बघायला गेले नव्हते. त्यानंतर जेवायला बोलवा, हळदीकुंकवाला बोलवा, फ्रान्सशिवाय विषय नाही. टेकडी चढली की किल्ला, किल्ल्याखाली बेकरी, बेकरीपासून सूर्यफुलांची शेतं, शेतं संपली की पुढची टेकडी. इतक्या वेळा ऐकलंय की तिथल्या बेकरीवाल्याला मी गर्दीत ओळखेन.

मग मंदी आली. बोनस गेला, फ्रान्स गेला. दुसरा माणूस गप्प बसला असता. केळकरांनी नकाशा काढला आणि जाहीर केलं की फुजैराकडेही डोंगर आहेत, किल्ले आहेत, वर समुद्र आहे, म्हणजे फ्रान्सपेक्षा एक गोष्ट जास्तच. ईदच्या सुट्टीत तीन दिवस. धैदपासून निघायचं, डोंगरातून मसाफीवरून दिब्ब्याला समुद्र गाठायचा, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ऐतिहासिक स्थळं बघत कल्ब्यापर्यंत. अहो, सप्टेंबरात! पण ‘वहिनी, इट्स ड्राय हीट’ म्हणाले.

आम्ही का गेलो ते सांगते, कारण केळकर ते अंकात लिहू नका म्हणतील.

माझा नवरा सतीश इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. एका गुरुवारी दुपारी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि खलास. बाहेर अर्धवट टॉवरवर क्रेन तशाच उभ्या, आणि हा खोक्यात आपला कप, कॅलेंडर, सईचा फोटो घालून घरी. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिनाभरात देश सोडायचा. मी आणि मुलगी सई त्याच्याच व्हिसावर होतो. मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. शाळेने मला आपल्या व्हिसावर घेतलं, सईला मी माझ्यावर घेतलं. शिक्षिकेला इथे नवऱ्यालाही आपल्या व्हिसावर ठेवता येतं. कागद तयार होते. सतीशने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

तो म्हणत नव्हता. ‘त्यापेक्षा घरजावई झालो असतो तर बरं’ म्हणे. सांगलीला आईकडे जाऊन राहतो, दोन महिन्यांत मार्केट सुधारलं की येतो. हे दोन महिने मी आमच्या बिल्डिंगमध्येच बघितले होते. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ असेच दोन महिन्यांसाठी गेले. त्यांची मुलगी आता बाबांना फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळखते. सई दहावीत होती. ईद संपली की देश सोडायच्या मुदतीतला आठवडाच उरत होता, आणि आमचे साहेब केळकरांना म्हणाले, ‘येतो. डोकं मोकळं होईल.’

डोकं मोकळंच होतं की! पण त्याला एकट्याला केळकरांच्या ताब्यात द्यायचा धीर मला झाला नाही. मी मिरजेची. दहावीपर्यंत रोज शाळेत सायकलने गेलेय, मागे धाकट्या भावाला डबलसीट घेऊन. तेव्हा सायकलला कोणी स्पोर्ट म्हणत नव्हतं. घरात स्कूटर नाही म्हणून सायकल, एवढं सोपं होतं. त्या उन्हाळ्यात सुपरमार्केटच्या फळ्यावर रोज नव्या चिठ्ठ्या लागायच्या: देश सोडून जात आहोत, सोफा विकणे, फ्रिज विकणे, मांजर फुकट. अशाच एका गोऱ्या जोडप्याच्या दोन सायकली आम्ही घेतल्या. बाई सायकल देताना रडली. मांजर तिने कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.

धैद ते मसाफी

केळकरांनी सगळं एक्सेलमध्ये बसवलं होतं. निघायचा दिवस म्हणजे ईदचा पहिला दिवस. एक गोष्ट मात्र एक्सेलमध्ये बसत नाही. ईद ही चंद्र दिसला तर होते. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, चंद्र दिसला नाही, उद्या आणखी एक रोजा.

‘एका दिवसाने काय फरक पडतो?’ केळकर म्हणाले. हॉटेल अपार्टमेंटचं बुकिंग रिफंड होणार नव्हतं, म्हणून फरक पडत नव्हता. रमजानात उजेडी चारचौघांत पाण्याचा घोट घेतला तरी पोलीस उचलू शकतात, हे आम्हा सगळ्यांना पंधरा वर्षं ठाऊक होतं. एसीत बसून ठाऊक होतं. तोंडाला फेस आलेला असताना ठाऊक असणं वेगळं, हे धैदच्या पुढे समजलं.

पहाटे निघालो तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लाल वाळूच्या टेकड्या, त्यांतून रस्ता वरखाली होत जाणारा, मधेच उंटांचा कळप आपल्याच तंद्रीत कडेला उभा. केळकर पुढे, अंगाला घट्ट बसलेले चकचकीत कपडे, पाठीवर कुठल्याशा फ्रेंच गावाचं नाव. मग सतीश. मग मी, सलवार-कमीज आणि डोक्याला ओढणी. मागून वृंदा गाडी घेऊन, शेजारी कानात वायरी घातलेली सई.

आठ वाजता सूर्य जो काही तापला! पाणी प्यायचं तर गाडीत. गाडीच्या काचांतून रस्त्यावरून आतलं दिसतं, म्हणून वृंदाने चारी खिडक्यांना ओढण्या आणि जुने पेपर लावले. त्या अंधारात आम्ही तिघं घामट माणसं गाडीत कोंबून बसलो आणि बाटल्या तोंडाला लावल्या. केळकर तर पुढच्या सीटवर डॅशबोर्डखाली वाकून केळं खात होते. बँकेचे व्हाइस प्रेसिडेंट! बाहेरून एक गाडी गेली तशी त्यांनी सालासकट तोंडात घातलं.

‘आई, धिस इज सो एम्बॅरसिंग,’ सई म्हणाली.

‘फ्रान्समध्ये,’ केळकर साल काढत म्हणाले, ‘दर गावात पाण्याचा नळ असतो.’

मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार लागतो. गालिचे, मातीची भांडी, कुंड्यांतली रोपं, फळांचे ढीग. नाव शुक्रवारचा बाजार, आणि भरतो रोज. समोर कलिंगडं रचलेली आणि खाता येत नाहीत, अशी शिक्षा मी वर्गात कुणालाही केलेली नाही. आम्ही बाजाराच्या जरा पुढे घाफच्या झाडाखाली मातीतच बसकण मारली. घाफ म्हणजे आपल्याकडचा शमीच, सावलीही तेवढीच. सायकली खोडाला टेकवलेल्या. केळकरांनी हेल्मेट काढून डोक्याला ओला पंचा गुंडाळला होता. वृंदा आणि सई बर्फ आणायला मागे गेल्या होत्या.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. उतरला तो पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यातला एक म्हातारा, इथला स्थानिक. त्याने सायकलींकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. ‘मलबारी?’ त्याने विचारलं. इथल्या म्हाताऱ्यांना सगळे हिंदुस्थानी मलबारीच. मग मागून त्याने तांदळाच्या लहान पिशव्या काढल्या आणि एकेका सायकलीपुढे एकेक ठेवली.

ईदच्या नमाजाआधी घरटी गरिबांना धान्य द्यायचं असतं, फितरा म्हणतात त्याला. म्हातारा ते करायला निघाला होता. इथे सायकल चालवतो तो माळी, नाहीतर कफेटेरियातून पार्सल पोचवणारा, नाहीतर साइटवरचा मजूर. भर उन्हात हौस म्हणून कोणी सायकल मारतं, हे त्या सज्जन माणसाला कसं कळावं?

केळकर ताडकन उठले. ‘सर, सर, नो. धिस इज कार्बन,’ म्हणाले, आणि सायकल एका बोटाने उचलून दाखवली. म्हाताऱ्याने ते महागडं, हलकं हलकं यंत्र बघितलं, त्याच्या डोळ्यांत आणखी दया आली, आणि त्याने केळकरांपुढे दुसरी पिशवी ठेवली.

मला हसू आवरेना. ओढणी तोंडात कोंबली. पण सतीश हसला नाही. तो पिशवी घेऊन म्हाताऱ्याकडे गेला, दोन्ही हातांनी पुढे धरली. ‘नो, प्लीज. आय ॲम इंजिनिअर.’

‘माशाल्ला,’ म्हातारा कौतुकाने म्हणाला. त्याच्या खांद्यावर थोपटलं, ईद मुबारक म्हणाला आणि गेला.

सतीश पिशवी धरून तसाच उभा राहिला. पिकअप वळणाआड गेली तरी उभा. मला तेव्हा त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून रागही आला.

दिब्बा

मसाफीपासून दिब्ब्यापर्यंत रस्ता डोंगराच्या कुशीतून उतरत जातो. संध्याकाळी निघालो. तपकिरी, जांभळे, भाजून काढल्यासारखे उघडे डोंगर. गवताची काडी नाही. मधेच खाली वाडी, म्हणजे कोरडी नदी, तिच्या काठाला दहा-बारा खजूर आणि एक मशीद. सुंदर होतं. सह्याद्री बघितलेल्या माणसाला हे सुंदर म्हणायला जड जातं, पण होतं. उताराला पॅडल मारावं लागत नव्हतं, हेही कारण असेल.

‘अगदी प्रोव्हान्स!’ केळकर वाऱ्यात ओरडले. नुसत्या दगडांत ह्यांना फ्रान्सचा प्रोव्हान्स दिसतो.

दिब्ब्यात शिरताना मगरिबची, म्हणजे रोजा सोडायची, बांग झाली आणि रस्ते एकदम ओस पडले. मशिदीबाहेर प्लॅस्टिकच्या लांबलचक चटया टाकून मजूर बसले होते, खजूर, ताक, बिर्याणीची ताटं. आम्हालाही ‘आओ भाई, आओ’ म्हणून सरकून जागा दिली. मी, वृंदा आणि सई गाडीपाशी थांबलो, तर एक जण ताट तिथे आणून देऊन गेला. सबंध दिवसात पहिल्यांदा पोटभर पाणी उघड्यावर प्यायले. आपल्याकडे उपासाच्या दिवशी दुप्पट खातात, इथे दिवसभर खरंच काही खात नाहीत आणि संध्याकाळी अनोळखी माणसाला शेजारी बसवतात. मला त्यातलं दुसरं जास्त आवडलं.

हॉटेल अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर होतं. सईला बिर्याणी नको होती, तिला घरचं हवं होतं. मी फितऱ्याच्या तांदळाचा भात लावला, वर मेतकूट आणि तूप. तांदूळ उत्तम होता, लांब दाण्याचा, म्हाताऱ्याने स्वतःच्या घरात शिजतो तोच दिला असणार. केळकरांनी दोनदा घेतला. सतीशने पाव काढून खाल्ला.

‘मी दानाचा भात खाणार नाही,’ तो म्हणाला.

‘दान त्याने केलं, आपण नुसते खातोय,’ मी म्हटलं. ‘दान नको. माझा व्हिसा नको. मग हवंय तरी काय तुला?’

‘लोकांसमोर नको, मेधा.’

‘लोक कोण? केळकर? ते डॅशबोर्डखाली केळं खात होते.’

केळकर ताटात बघत राहिले. सई म्हणाली, ‘बाबा, जस्ट साइन इट ना. व्हॉट्स द बिग डील?’ सतीश उठून बाल्कनीत गेला. सईने माझ्याकडे बघितलं. ती इंग्रजीत कितीही मोठी झाली तरी डोळे अजून बालवाडीतलेच आहेत. ‘इज ही गोइंग?’ तिने विचारलं. मी म्हटलं, भात गार होतोय, जेव.

बिदिया

दुसऱ्या दिवशी खरीखुरी ईद. कोऱ्या कपड्यांतली पोरं अत्तर लावून रस्त्यावर, हातात नव्या नोटा. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, मधून आम्ही. दिब्ब्यापासून बिदियापर्यंतचा रस्ता टेकड्यांवरून वरखाली जातो, आणि प्रत्येक चढावर केळकर आम्हाला गिअरबद्दल व्याख्यान देत होते. माझ्या सायकलचे निम्मे गिअर पडतच नव्हते. चढ मी मिरजेच्या पद्धतीने चढले, म्हणजे उभं राहून आणि दात-ओठ खाऊन. सतीश कायम माझ्यापुढे. मी जवळ गेले की तो जोर काढून पुढे जायचा आणि पुढच्या वळणावर धापा टाकत असायचा.

बिदियाची मशीद म्हणजे केळकरांच्या यादीतलं पहिलं ऐतिहासिक स्थळ. दगडामातीची, आपल्या एखाद्या खोपट्याएवढी. वर चार बुटके घुमट, मागे टेकडीवर टेहळणीचे दोन बुरूज. या देशात उभी असलेली सर्वांत जुनी मशीद म्हणतात, आणि नमाज अजून होतो. दाराशी एक बांगलादेशी राखणदार होता. त्याने वृंदाला, सईला आणि मला काळे अबाये, म्हणजे अंगभर झगे, दिले. केळकरांच्या तोकड्या चड्डीकडे बघून त्याने एक लुंगी आणून दिली. चकचकीत टी-शर्ट, खाली चौकड्यांची लुंगी, पायात सायकलचे टकटक वाजणारे बूट. आणि हा गृहस्थ आत जाऊन म्हणतो, ‘फ्रान्समधल्या चर्चची उंची काही और असते.’ ते बूट बाहेर काढा म्हणून राखणदाराला दोनदा सांगावं लागलं.

आत गारवा होता. चारही घुमट मधल्या एकाच खांबावर. सतीश त्या खांबापाशी बराच वेळ उभा होता. कामावर असताना तो असा उभा राहायचा, मान तिरकी करून, बोटाने हवेत रेघा ओढत. ‘सगळा लोड इथे आणलाय,’ तो स्वतःशीच म्हणाला. कित्येक आठवड्यांनी त्याच्या आवाजात मला तो जुना माणूस ऐकू आला. मीही कधी कधी गप्प बसते.

बाहेर पडलो तर एका स्थानिक तरुणाने गाडी थांबवून विचारलं, ‘सय्यारा खराब?’ म्हणजे गाडी बिघडलीय का. नाही, हौस आहे, म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. ‘यल्ला, तफद्दल,’ म्हणजे चला, या, असं म्हणून घरी घेऊन गेला. बायका आतल्या दालनात, पुरुष बाहेरच्या. आतल्या बायकांनी माझे रापलेले हात धरून चुकचुक केलं आणि हाताला अत्तर लावलं. खायला हरीस, म्हणजे गहू आणि मटण एकत्र घोटून केलेली खिमटीसारखी पेज, वर तुपाची धार. मी मटण खात नाही, मला खजूर आणि शेवया दिल्या. बाहेर केळकरांनी काय केलं ते वृंदाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी हरीस तीनदा घेतला होता.

खोर फक्कान ते फुजैरा

पोट बिघडून केळकर तिसऱ्या दिवशी गाडीत गेले. पुढच्या सीटवर, खिडकीला डोकं टेकवून. कार्बनची सायकल वर टपावर बांधली. देव आहे, असं मला त्या सकाळी वाटलं.

उरलो सतीश आणि मी. रात्रीच्या मुक्कामाचं खोर फक्कान सोडलं तसा समोरून वारा सुरू झाला. केळकरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि ही त्यांची एकमेव उपयोगी गोष्ट: वारा असला की एकामागे एक जायचं, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ लावून. पुढचा वारा खातो, मागच्याला अर्ध्या कष्टात जाता येतं. दमलं की आलटून पालटून.

सतीश पुढे. तासभर तो वारा खात होता. खांदे हलायला लागले, सायकल डगमगायला लागली. मी बाजूला जाऊन म्हटलं, ‘मी येते पुढे. तू माझ्या मागे ये.’

‘नको.’

‘अरे, दमलायस.’

‘नको म्हटलं ना!’

डोंगराचा चढ लागला. घाटाच्या मध्यावर त्याने सायकल टाकली, कठड्याला धरून ओकला आणि तिथेच खाली बसला. चेहरा लाल नाही, पांढरा. मागे-पुढे वृंदाची गाडी दिसेना. केळकरांसाठी औषध घ्यायला ती खोर फक्कानला थांबली होती. मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, पदर नव्हता म्हणून ओढणीने वारा घातला. मला इतकी भीती वाटली की मी भांडायला लागले.

‘मर इथे,’ मी म्हटलं. ‘तुझ्या आईला फोन मी नाही करणार. काय सांगू? बायको पुढे जाऊ नये म्हणून गेला?’

‘तुला नाही समजणार,’ तो म्हणाला. ‘पासपोर्टवर तुझं नाव येणार, स्पॉन्सर म्हणून. वर शिक्का, काम करायला परवानगी नाही. कुठे गेलो की लोक तेच बघणार.’

‘पंधरा वर्षं माझ्या पासपोर्टवर तुझं नाव होतं,’ मी म्हटलं. ‘मला कधी पुरळ उठलं?’

त्याने मान वर करून बघितलं. खरंच हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं! पंधरा वर्षं माझं इथे असणं त्याच्या नोकरीवर टांगलेलं होतं, मी एकदाही त्याला नाव ठेवलं नाही, आणि त्यात नाव ठेवण्यासारखं काही असू शकतं हेच त्या इंजिनिअरला माहीत नव्हतं. मला इतका संताप आला की मी सायकल उचलली.

‘जायचं तर जा सांगलीला,’ मी म्हटलं. ‘पण सईला तू सांगायचंस. तोंडावर. दोन महिन्यांनी येतो वगैरे थापा नाहीत. आणि आत्ता गाडीची वाट बघायची असेल तर बस इथे. मी चालले.’

गेलेही. रडत रडत चढ चढले, वाऱ्याने पाणी कानाकडे जात होतं. उन्हात नवऱ्याला टाकून निघालेली बाई, काय म्हणावं तिला? पण थांबले असते तर हात जोडले असते, आणि हात जोडून ठेवलेला नवरा मला नको होता. मला हा हवा होता, हा हट्टी, ओकलेला. तो घरी हवा होता. रोज समोर हवा होता.

घाटमाथ्यावर थांबून मागे बघायचं मी मनात शंभरदा ठरवलं आणि नाही बघितलं. उतार लागला, मग सपाटी, मग पुन्हा तो समोरचा वारा. डाव्या हाताला समुद्र, बंदराबाहेर तेलाची जहाजं रांग लावून उभी. मंदीत त्यांनाही काम नव्हतं. मी मान खाली घालून पॅडल मारत होते.

मग मागे चेनची करकर ऐकू आली. माझ्या सायकलची नव्हे. अगदी जवळ, चाकाला चाक लागेल इतकी जवळ. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी वळले नाही. जरा वेग कमी केला, त्याला झेपेल एवढाच, आणि सगळा वारा छातीवर घेतला. किती वेळ गेलो कोण जाणे. एकदा तो म्हणाला, ‘खड्डा आहे पुढे.’ मी म्हटलं, ‘दिसतोय.’ एवढंच बोलणं झालं.

मागून वृंदाची गाडी आली आणि आमच्या बरोबरीने हळू चालायला लागली. केळकरांनी काच खाली केली, आमची रांग बघितली आणि क्षीण आवाजात म्हणाले, ‘व्हेरी गुड फॉर्मेशन.’ वृंदाने काच वर केली.

फुजैराचा किल्ला ईदमुळे बंद होता. टेकाडावरचा मातकट, गोल बुरुजांचा, नव्याने डागडुजी केलेला. आम्ही रस्त्यावरूनच बघितला. ‘फ्रान्समध्ये किल्ल्याखाली...’ केळकरांनी गाडीतून सुरुवात केली, आणि वृंदा म्हणाली, ‘फ्रान्समध्ये तुम्ही परवापर्यंत होतात. आता पोट सांभाळा.’ हा या प्रवासातला सर्वोत्तम ऐतिहासिक क्षण.

कल्बा

कल्ब्याला रस्ता जवळजवळ संपतो. पुढे खारफुटी, त्यापुढे ओमानची हद्द. वस्तीच्या शेवटाला एक कफेटेरिया उघडा होता. प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, टपरीएवढी जागा. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून चहावाला बाहेर आला. चिपळूणकडचा निघाला. बारा वर्षं इथे. इतक्या लांब मराठी ऐकून माणूस खुलला. चहा उकळेपर्यंत त्याने आमची गावं विचारली, मिरज-सांगली ऐकून ‘अरे वा, घाटावरची’ म्हणाला, सईला चॉकलेट दिलं. सई ‘थँक यू’ म्हणाली तर म्हणतो, ‘पोरगी मडमच झाली की तुमची.’

चहाचा ग्लास सतीशच्या हातात देताना त्याने विचारलं, ‘साहेब कुठल्या कंपनीत?’

इथे माणूस माणसाला हेच विचारतो, त्यात त्याची काही चूक नाही. पण सई चॉकलेट सोलायची थांबली. वृंदा गाडीच्या दाराशी खोळंबून उभी राहिली. काहीतरी थाप मारून वेळ निभवावी म्हणून मी तोंड उघडलं.

‘कंपनी गेली,’ सतीश म्हणाला. फुंकर मारून त्याने चहाचा घोट घेतला. ‘ईदची सुट्टी संपली की हिच्या व्हिसावर.’ आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

चहावाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. ‘म्हणजे चहाचे पैसे वहिनींकडनं घ्यायचे?’

‘त्यांच्याकडनंच घ्या,’ सतीश म्हणाला. ‘आणि मला आणखी एक द्या. साखर भरपूर घाला.’

चहावाला खदखदून हसला. सतीशही हसला. सईने ‘ओ माय गॉड, बाबा!’ म्हणून त्याच्या घामट पाठीला मिठी मारली. मी पाकीट काढायला पायाशी ठेवलेल्या पिशवीत वाकले ती वाकलेलीच राहिले. वर केलं असतं तर तोंड सगळ्यांना दिसलं असतं.

‘वहिनी, काय हरवलं का?’ गाडीतून केळकरांनी विचारलं.

‘नाही हो,’ मी पिशवीतच म्हटलं. ‘काही नाही हरवलं.’